लहान दंत दवाखान्यातील हवा: आधी कशावर खर्च करावा?

प्रश्न (दंतवैद्य, सातारा)

माझा दवाखाना एका इमारतीतील गाळ्यात आहे. उपचाराची खोली 12 बाय 10 फूट असून उंची 10 फूट आहे. एकमेव खिडकी रहदारीच्या रस्त्याकडे उघडते, त्यामुळे धूळ टाळण्यासाठी ती बंद ठेवून दिवसभर स्प्लिट एसी चालवावा लागतो. स्केलिंग (दातांवरचे किटण काढणे) किंवा एअरोटरचे (दात कोरण्याच्या वेगवान यंत्राचे) काम चालू असताना दिव्याच्या झोतात तुषार उडताना स्पष्ट दिसतात आणि लगेच पुढचा रुग्ण त्याच खुर्चीवर बसतो, याची मला फार काळजी वाटते. एक विक्रेता रोज संध्याकाळी फॉगिंग (खोलीत जंतुनाशकाचे धुके फवारणे) करण्यास सुचवतो, तर दुसरा आयोनायझर (हवेत विद्युतभारित कण सोडणारे यंत्र) घ्या म्हणतो. मर्यादित खर्चात आधी काय करावे?

उत्तर (दंत महाविद्यालयातील अध्यापिका)

डॉक्टर, सुरुवात रुग्णाच्या तोंडापासूनच करावी. साधा सलायव्हा इजेक्टर साठलेली लाळ ओढतो, पण उडणारे तुषार त्याच्या आवाक्याबाहेरचे असतात. त्यासाठी सुमारे 8 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद तोंडाची हाय व्हॉल्यूम सक्शनची (जोराने हवा ओढणारी) नळी स्केलरच्या टोकाजवळ धरावी लागते. ती नीट धरल्यास बहुतांश तुषार खोलीत पसरण्याआधीच ओढले जातात. अडचण माणसाची आहे. आपल्याकडे एकच सहायक फोन, ऑटोक्लेव्ह (उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र) आणि सक्शन सांभाळते आणि घाई झाली की पहिली सुटते ती सक्शनची नळी. म्हणून माझ्या मते पहिला पैसा दुसऱ्या सहायकावर खर्च करावा. रूट कॅनॉल आणि फिलिंगसाठी रबर डॅम (दाताभोवती बसवायचा रबरी पडदा) लावावा. स्केलिंगला तो लावता येत नाही.

दिवसभर एकामागून एक रुग्ण त्याच हवेत श्वास घेत असतील, तर संध्याकाळच्या फॉगिंगने त्यांचे संरक्षण कसे होणार? क्षयरोगाचे सर्वाधिक रुग्ण आपल्या देशात आहेत, त्यामुळे दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेल्या रुग्णाचे तातडीचे नसलेले काम पुढे ढकलून त्याला आधी तपासणीसाठी पाठवावे.

उत्तर (वातानुकूलन अभियंता)

स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची हवा आत आणत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. आपल्या खोलीचे घनफळ 1200 घनफूट, म्हणजे साधारण 34 घनमीटर आहे. ताशी 6 वेळा हवा बदलली, तर तुषार थांबल्यानंतर हवेतील 99 टक्के कण जाण्यास सुमारे 46 मिनिटे लागतात. 12 वेळा बदलल्यास 23 मिनिटे. हे आकडेही हवा पूर्ण मिसळते असे गृहीत धरलेले आहेत, प्रत्यक्षात कोपऱ्यांत वेळ अधिक लागतो.

ताशी 300 घनमीटर स्वच्छ हवा देणारा हेपा प्युरिफायर (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीचे हवा शुद्ध करणारे यंत्र) आपल्या खोलीत ताशी जवळजवळ 9 बदलांइतके काम करील. मात्र खोक्यावरचा आकडा सर्वांत वेगवान गतीचा असतो आणि आवाजामुळे प्युरिफायर मंद गतीवर ठेवला की काम त्या प्रमाणात घटते, म्हणून मोठे यंत्र घेऊन मधल्या गतीवर चालवावे. आयोनायझर घेऊ नये; काही यंत्रांतून ओझोन निर्माण होतो आणि तो श्वसनमार्गाला त्रासदायक असतो. खिडकीत एक्झॉस्ट पंखा बसवून दाराखाली फट ठेवावी, अन्यथा पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. कार्बन डायऑक्साइड मीटर घेतल्यास या सर्वांचा परिणाम त्यावर दिसेल का?

उत्तर (वातानुकूलन अभियंता)

पंख्याचा दिसेल, प्युरिफायरचा दिसणार नाही. हेपा गाळणी कण अडवते, वायू नाही. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दशलक्षात सुमारे 420 असते. आपल्या खोलीत ते कामाच्या वेळी 800 च्या वर टिकून राहत असेल, तर बाहेरची हवा कमी पडते आहे असे समजून पंख्याची क्षमता वाढवावी.