जयपूर गायकीची ध्वनिमुद्रणे विकत घ्यायची आहेत: एलपी, सीडी, कॅसेट की फाइल?

मारवा (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. संगीत विकत घेण्याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. घरखर्च भागवून दरमहा दीड हजार रुपये मी गाण्यासाठी बाजूला काढू शकतो. ऐकणे बहुतांशी जयपूर-अत्रौली गायकीचे आहे. ज्या गावात या गायकीचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले आणि त्यांचे पुत्र भुर्जी खाँसाहेबांनी शिष्यांना तालीम दिली, त्या गावात वाढलेल्या माणसाला ही ओढ लागली तर नवल नाही.

सध्या मी एका अ‍ॅपची वर्गणी भरतो आणि गाणे त्यावरच ऐकतो, पण समाधान होत नाही. एकाच रागाचा विलंबित (संथ लयीतला) ख्याल एका तुकड्यात आणि द्रुत (जलद लयीतला) दुसऱ्या तुकड्यात ठेवलेला असतो, आणि दोहोंच्या मध्ये भलत्याच रागाचे काहीतरी वाजून जाते. रागाचे नाव पुष्कळदा चुकीचे असते, आणि तबल्याला, पेटीला कोण आहे याचा तर उल्लेखही नसतो. मध्यंतरी मी जपून ठेवलेल्या यादीतील काही ध्वनिमुद्रणे कोणतीही सूचना न देता तेथून नाहीशी झाली. त्यामुळे जे मनापासून आवडते ते स्वतःच्या मालकीचे असावे, असे वाटू लागले आहे. घरात सीडी प्लेअर चालू स्थितीत आहे. रेकॉर्ड प्लेअर नाही. पैसे कोणत्या माध्यमावर खर्च करावेत?

खरज

मारवा, सगळ्या संग्रहासाठी एकच माध्यम ठरवू नका, एवढे मी आग्रहाने सांगेन. गाणे ज्या काळात आणि ज्या माध्यमासाठी ध्वनिमुद्रित झाले, ते पाहून प्रत्येक वेळी निराळा निर्णय घ्यावा लागतो.

अल्लादिया खाँसाहेबांपासून सुरुवात करायची तर तेथे आपले हात रिकामेच राहतात, कारण त्यांच्या गाण्याची तबकडी कधी निघालीच नाही. त्यांच्या शिष्यांचे मात्र बरेच काही आहे, आणि त्यातले सुरुवातीचे सारे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर आहे. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला, आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षे गवयाला तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मिळत राहिली. व्हॉयेजर यानांबरोबर १९७७ मध्ये अंतराळात गेलेली, खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच आहे. एवढ्या वेळात रागाचे सारे अंग दाखवायचे म्हणून या गायिका जे गाळत आणि जे राखत, ते ऐकण्यासारखे आहे. मैफलीतले त्यांचे गाणे असेच असेल असे मात्र समजू नये.

तरीही लाखेच्या तबकड्या तुम्ही विकत घेऊ नयेत, असे माझे मत आहे. त्यांना एलपीची, म्हणजे नंतर आलेल्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची, सुई चालत नाही. ७८ च्या खाचेला सुमारे ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते आणि एलपीची सुई साधारण १८ ते २५ मायक्रॉनची असते. शिवाय आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे त्या काळातील बहुतेक तबकड्या आता कायद्याने खुल्या झाल्या आहेत. संग्राहकांनी त्यांतील पुष्कळ इंटरनेटवर काळजीपूर्वक चढवल्या आहेत आणि त्या विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र वेग तपासावा. नाव ७८ चे असले तरी जुन्या काळी सगळ्या तबकड्या नेमक्या त्याच वेगाने कापल्या जात नसत. ८० फेऱ्यांची तबकडी ७८ वर उतरवली, तर पेटीवरच्या काळी एक आणि पांढरी दोन या शेजारच्या स्वरांत जेवढे अंतर आहे, त्याच्या निम्म्याहून थोडा कमी एवढा सूर खाली येतो, आणि गळ्याचा पोतही बदलून ऐकू येतो. एकाच तबकडीच्या दोन-तीन प्रती उतरवून घेऊन कानाने निवड करणे उत्तम.

तुमचे पैसे खरे लागावेत ते एलपीच्या काळातील गाण्यावर. जयपूर गायकीतले मल्लिकार्जुन मन्सूर आणि किशोरी आमोणकर यांचे त्या काळातले गाणे एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळतील या हिशेबाने मांडलेले आहे. विलंबित केव्हा आवरायचा आणि द्रुत केव्हा उचलायची, हे त्यांनी आधी मनाशी ठरवलेले असते. असे गाणे मध्ये खंड न पडता ऐकले पाहिजे. तुमच्याकडे सीडी प्लेअर असल्याने त्याच ध्वनिमुद्रणांच्या सीडी शोधा. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, म्हणजे माणसाच्या कानाला ऐकू येणारी सगळी पट्टी त्यात सामावते. एलपीचा ध्वनी मुळातच श्रेष्ठ असतो, या म्हणण्यात तथ्य नाही. तक्रार करायची तर ती काही पुनर्प्रकाशनांबद्दल करावी लागते. खरखर घालवण्याच्या भरात त्यांत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणझणीत झंकारच, पुसली गेली आहे. घेण्याआधी पहिले अर्धे मिनिट ऐका. गवयाने आकार लावण्यापूर्वी तंबोरा झंकारताना ऐकू आला पाहिजे. तो मुका आणि गुळगुळीत वाटला, तर ती आवृत्ती सोडून द्या.

जुनी_सुई (लक्ष्मीपुरी)

खरज यांचे बहुतेक मुद्दे मान्य आहेत. कॅसेटचा विषय मात्र त्यांच्याकडून राहून गेला आणि जयपूर गायकीच्या श्रोत्याला तो टाळता येणार नाही. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, तेव्हा पुण्याच्या अलूरकरांसारख्या प्रकाशकांनी शास्त्रीय गाणे मोठ्या आस्थेने बाजारात आणले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर पाऊण तास मावत असल्याने विलंबित ख्यालाला प्रथमच पुरेशी ऐसपैस जागा मिळाली. त्यांतील कित्येक ध्वनिमुद्रणे पुढे सीडीवर आली नाहीत आणि अ‍ॅपवरही सापडत नाहीत. अशी कॅसेट जुन्या सामानात दिसली तर घेऊन ठेवा.

घेताना ती उजेडात धरून पाहा. मधल्या खिडकीमागे तांब्याच्या पातळ पट्टीवर नमद्याचा चौकोनी तुकडा चिकटवलेला असतो, तो फीत प्लेअरच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) दाबून धरतो. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात त्याचा गोंद सुटतो आणि तुकडा आतच गळून पडतो. मग आवाज दबका, कांबळ्याआडून आल्यासारखा येतो, आणि लोक ‘फीत खराब झाली’ म्हणून कॅसेट टाकून देतात. फीत बहुधा ठणठणीत असते. कवच स्क्रूचे असेल तर उघडून दोन्ही चकत्या दुसऱ्या कवचात बसवता येतात. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर मात्र ती प्लेअरमध्ये घालू नका; हेडला बुरशी लागली की ती पुढच्या कॅसेटलाही लागते. एकदा चांगल्या कॅसेट डेकवर लावून संगणकात उतरवून घ्यावी आणि मूळ कॅसेट जपून ठेवावी.

एलपीबद्दल माझा सल्ला थोडा निराळा आहे. सीडी मिळते म्हणून एलपी घेऊच नये, असे नाही. वेष्टणाच्या मागच्या बाजूला राग, ताल, बंदिशीचे शब्द आणि साथीदारांची नावे छापलेली असतात. आपली अर्धी तक्रार तर तेथेच मिटते. तबकडी तिरप्या उजेडात फिरवून पाहावी: केसासारखे उथळ ओरखडे फारसे बाधत नाहीत, पण नखाला जाणवणारा ओरखडा दर फेरीला टक्-टक् करणारच. खाचा करड्या, निस्तेज दिसत असतील तर जड सुईने त्या घासल्या गेल्या आहेत असे समजावे. तबकड्या उभ्याच ठेवाव्यात आणि पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या कपाटात कोंबू नयेत. लाखेची तबकडी चुकूनही स्पिरिटने पुसू नये. स्पिरिटने लाख विरघळते.

कोमल_धैवत

मी गाणे शिकते, त्यामुळे माझी गरज थोडी वेगळी आहे. तरीही एक गोष्ट कळकळीने मांडावीशी वाटते. वरची सगळी चर्चा हयात नसलेल्या गायकांभोवती फिरते आहे. जुनी एलपी किंवा कॅसेट आपण दुकानदाराकडून घेतो, तेव्हा त्यातला एक रुपयाही गायकाच्या घरी जात नाही; आणि अ‍ॅपवरून कलाकाराला दर ऐकण्यामागे मिळणारी रक्कम नगण्य असते. आज गाणाऱ्यांनी उद्याही गावे असे वाटत असेल, तर तुमच्या दीड हजारांतील मोठा वाटा त्यांच्याकडे जायला हवा.

याचा सोपा मार्ग म्हणजे फाइल विकत घेणे. गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी अंडरस्कोर रेकॉर्ड्स सुरू केले ते कलाकाराचे ध्वनिमुद्रण सरळ श्रोत्यापर्यंत पोहोचावे याच विचाराने. बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापून घेतात, तेथील व्यवहाराचा खर्च वजा होतो आणि उरलेली रक्कम कलाकाराला मिळते. तेथे फाइलचे फ्लॅक हे स्वरूप निवडावे. एमपी३ मध्ये फाइल लहान करण्यासाठी ध्वनीचा काही भाग कायमचा टाकून दिलेला असतो. फ्लॅकमध्ये काहीही टाकलेले नसते, तरी जागा सीडीच्या तुलनेत साधारण निम्मी लागते. आपल्याकडे देवल क्लबमध्ये किंवा अन्यत्र मैफल ऐकायला जाल, तेव्हा कलाकाराने सीडी अथवा पेन ड्राइव्ह विक्रीला ठेवले आहेत का, हे जरूर विचारा. ठेवले नसतील तरी ‘आपले ध्वनिमुद्रण कोठे विकत मिळेल’ असा प्रश्न श्रोत्याकडून आला, की कलाकारालाही त्याचे महत्त्व वाटते.

शिकणाऱ्याच्या दृष्टीनेही फाइल सोयीची पडते. एखादी वक्र तान पट्टी न बदलता निम्म्या वेगाने ऐकता येते, आणि जयपूर गायकीच्या जोडरागांत (दोन राग मिसळून झालेल्या रागांत) कोणत्या स्वरावरून एक राग सुटतो आणि दुसरा लागतो, हे तसे ऐकल्याशिवाय नीट उमगत नाही.

मारवा

सर्वांचे मनापासून आभार. कोमल_धैवत, आपला मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आता असे ठरवतो: दीड हजारांतील हजार रुपये आजच्या गायक-गायिकांच्या फाइल आणि सीडींसाठी, आणि उरलेले पाचशे साठवत राहून एलपीच्या काळातील निवडक सीडी व हाती लागतील त्या कॅसेटसाठी. लाखेच्या तबकड्यांवरचे गाणे इंटरनेटवरून उतरवून घेईन. रेकॉर्ड प्लेअर तूर्तास घेत नाही. अ‍ॅपची वर्गणी बंद करावी का?

खरज

बंद करू नका. विकत घेण्याआधी ऐकून पाहण्यासाठी ती उपयोगी पडते, एवढेच तिचे काम समजा. विकत घेतलेल्या फाइलींच्या मात्र दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी असू द्या. फाइलच्या नावात राग, गायक, साथीदार आणि मूळ माध्यम त्याच दिवशी लिहून टाका, कारण संग्रह वाढल्यावर ते काम हातून होत नाही. जुनी_सुई, कॅसेट उतरवण्यासाठी कोल्हापुरात कोणाकडे चांगला डेक दुरुस्त होऊन मिळतो, हे आपल्याला ठाऊक असेल तर मारवा यांना खासगी निरोपाने कळवावे.