मूळ फोटोंना इमेजमॅजिक लावावं का?

रानवाट
गेली सात वर्षं आम्ही चौघं साताऱ्याकडचे वीरगळ आणि शिलालेख टिपतो आहोत. मागच्या पावसाळ्यात वेबसाठी लहान प्रती करायला मी इमेजमॅजिक या फोटो बदलणाऱ्या प्रोग्रामचं मॉग्रिफाय हे टूल चालवलं. ते फाइल जागच्या जागी बदलतं. एका तालुक्याचे सगळे फोटो ६००० पिक्सेलवरून १६०० वर आले. त्यातल्या एका शिलालेखाचा वरचा पापुद्रा नंतर गळून पडला. त्या दोन ओळींचा पुरावा आता तेवढा लहान फोटोच, आणि मोठा करून पाहिला की अक्षरं फुटतात.

म्हणून माझं ठाम मत: मूळ फाइलला हात लावेल ते फक्त एक्झिफटूल, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या तारीख-ठिकाणासारख्या नोंदी वाचणारं आणि बदलणारं टूल. नोंदी बदलताना ते आधीची फाइल नावाला ‘ओरिजिनल’ जोडून शेजारी ठेवतं आणि चित्राला धक्का लावत नाही. आमच्या कॅमेऱ्याचं घड्याळ साडेपाच तास मागे होतं. सगळ्या फोल्डरची वेळ एका ओळीत दुरुस्त झाली. लहान प्रती लिबव्हिप्स या दुसऱ्या चित्र-टूलने, वेगळ्या फोल्डरात.

कळफलक
शिलालेखाचं वाचून वाईट वाटलं, पण खापर टूलवर फोडू नका. मॉग्रिफायला ‘पाथ’चा पर्याय दिला की प्रती दुसरीकडे जातात. इमेजमॅजिक १९९० पासून लोकांच्या हातात आहे, कुठल्याही अडचणीचं उत्तर सापडतं. तारीख तर त्याचं आयडेंटिफाय टूलही वाचून दाखवतं. नव्या माणसाला तीन टूलं शिकवण्यापेक्षा एक नीट शिकवा. शिवाय तुमच्या त्या ‘ओरिजिनल’ फायलींनी डिस्क दुप्पट भरते.

रानवाट
भरू दे. ‘पाथ’ विसरला की फोटो गेला. एक्झिफटूलमध्ये जुनी फाइल मिटवायची तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. थकून रात्री अकराला काम करणाऱ्यासाठी हा फरक फार मोठा आहे. आणि इमेजमॅजिक एक्झिफ, म्हणजे कॅमेऱ्याने फाइलमध्ये लिहिलेल्या नोंदी, वाचतं हे खरं, पण एकाच फोटोचं चुकलेलं जीपीएस सुधारायला ते उपयोगाचं नाही.

कळफलक
जीपीएसचं मान्य. पण पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतलं एक्झिफटूल दर फोटोला नव्याने सुरू केलं तर चहा होऊन जातो.

रानवाट
दर फोटोला कशाला? अख्खा फोल्डर एकदाच द्यायचा.

माळरान
तुम्ही दोघंही जतन करण्याबद्दल बोलताय, मला पुसण्याची काळजी आहे. आमच्याकडे गुप्तधनाच्या नादाने वीरगळांखाली खणलंय. रानातल्या दगडाचा फोटो जीपीएससकट वेबवर टाकणं म्हणजे वाट दाखवणं. प्रसिद्ध होणाऱ्या प्रतीतून ठिकाण गेलंच पाहिजे.

मात्र त्यासाठी इमेजमॅजिकचं ‘स्ट्रिप’, म्हणजे सगळ्या नोंदी काढायचा पर्याय, सरसकट लावू नका. ते कलर प्रोफाइलही, म्हणजे रंग कसे दाखवायचे ही नोंदही, काढतं. ॲडोबी आरजीबी या रंगपद्धतीत टिपलेला फोटो मग फिका दिसतो. एक्झिफटूलने सगळं उडवलं तरी तेच होतं, म्हणून तिथेही फक्त जीपीएसचा गट उडवायचा.

कळफलक
हे पटलं. स्ट्रिप मी वर्षानुवर्षं डोळे झाकून लावत आलोय. आज जुन्या प्रती तपासतो.

रानवाट
माळरान, मूळ प्रतीत ठिकाण हवंच, नाहीतर दहा वर्षांनी दगड कुठल्या शिवारातला हे कोण सांगणार? वेबच्या प्रतीबद्दल मात्र तुमचंच खरं. आमच्या स्क्रिप्टमध्ये ही पायरी नव्हती, आज घालतो.

मराठीत माहिती लिहिणाऱ्यांसाठी एक: ती एक्सएमपी या नोंदींच्या प्रकारात लिहा, ते यूटीएफ-८, म्हणजे देवनागरीही नीट साठवणाऱ्या एन्कोडिंगमध्ये असतं. आयपीटीसी या जुन्या प्रकारात एन्कोडिंगची नोंद न करता देवनागरी लिहिली आणि गावांच्या नावांजागी प्रश्नचिन्हं आली. तीनशे नावं वहीतून पुन्हा भरतोय.