‘देअर हेड’ की ‘देअर हेड्स’ : मुलांच्या माना किती?

अनुवादक (मूळ प्रश्न) :
एका मराठी कथेचे इंग्रजी भाषांतर करताना एका साध्या वाक्यापाशी अडलो आहे. मूळ वाक्य असे : ‘मुलांनी मान खाली घातली आणि ती आपापल्या वहीत पाहू लागली.’ मी ‘द चिल्ड्रन लोअर्ड देअर हेड’ असे लिहिले, कारण प्रत्येकाला मान एकच असते आणि मूळ मराठीतही ती एकवचनीच आहे. संपादिकेने काहीही न लिहिता ‘हेड’ला फक्त एक ‘एस’ जोडून पान परत पाठवले. प्रत्येकाकडे एकेकच वस्तू असेल तर नाम एकवचनी ठेवावे, असे शाळेत शिकल्याचे मला पक्के आठवते. चूक कोणाची?

माजी शिक्षक :
चूक तुमच्या आठवणीची असावी. अनेक मालक आणि प्रत्येकाची एकेक वस्तू असेल, तर इंग्रजीत नाम सहसा अनेकवचनी होते. ‘द सिस्टर्स केम विथ देअर हजबंड’ असे लिहिले, तर सगळ्या बहिणींचा नवरा एकच आहे असा अर्थ निघेल. ‘दे सोल्ड देअर कार’ यात गाडी सामाईक आहे आणि ‘कार्स’ म्हटले की गाड्या वेगवेगळ्या. आपली अडचण मुळात अशी आहे, की मराठीत माझा, माझी, माझे, माझ्या ही रूपे वस्तूकडे पाहून बदलतात आणि त्यामुळे वस्तूची संख्या बरेचदा आधीच कानावर पडलेली असते. इंग्रजीतले ‘माय’ आणि ‘देअर’ वस्तू एक असो वा शंभर, जागचे हलत नाहीत. ‘हिज’ आणि ‘हर’ बदलतात तेही मालकाच्या लिंगाप्रमाणे. म्हणून संख्या दाखवण्याचे सारे ओझे नामाच्या शेपटीवर येते. त्यातही ‘ब्रदर्स’ हे एका भावाचे, अनेक भाऊ आणि अनेक भावांचे, अशा तिन्ही अर्थांनी कानाला एकच वाटते. फरक दिसतो तो फक्त कागदावर, अपॉस्ट्रॉफी कुठे बसली आहे किंवा बसलेलीच नाही त्यावरून. वह्या तपासताना माझी सर्वाधिक लाल शाई याच ठिपक्यावर खर्च झाली आहे.

मुद्रितशोधक :
सरांचा नियम मान्य, पण तो सांगतात तितका घट्ट नाही. ‘दे वेअर शॉट इन द लेग’ या वाक्यात माणसे अनेक असूनही पाय एकच राहतो आणि मालकीदर्शक शब्द गायब होऊन त्याच्या जागी ‘द’ येते. शिवाय मराठीत अशा ठिकाणी एकवचनच असते हे प्रश्नकर्त्यांचे गृहीतकही तपासायला हवे. ‘सगळ्यांनी माना डोलावल्या’ हे अस्सल मराठी आहे, ‘पाहुण्यांनी नाके मुरडली’ हेही. मात्र ‘सगळ्यांचा जीव भांड्यात पडला’ याचे ‘जीव भांड्यांत पडले’ कोणी करणार नाही, आणि चार जणांच्या ‘पोटांत गोळे आले’ असे लिहिले तर वाचकाला हसू येईल. माझा अंदाज असा, की शब्द वाक्प्रचारात जितका मुरतो तितका तो अवयव राहत नाही आणि त्याचे वचन गोठते. ‘प्राण’ पाहा : एकट्या माणसानेही ‘प्राण सोडला’ यापेक्षा ‘प्राण सोडले’ हेच अधिक रुळलेले आहे, कारण पंचप्राणांची कल्पना त्या शब्दात आहे. दहा माणसांचा ‘जीव’ मात्र एकवचनात जातो.

जुना वाचक :
वचनाचे राहू द्या, मालकीचे पाहा. हल्लीच्या भाषांतरांत ‘त्याने त्याचे हात त्याच्या खिशात घातले’ अशी वाक्ये वाचून मला वाटते, की हा कोणा दुसऱ्याच्या खिशात तर हात घालत नाही ना? मराठी माणूस ‘त्याने खिशात हात घातले’ एवढेच म्हणतो. हात कोणाचे हे सांगावे लागत नाही. इंग्रजीला ‘हिज’शिवाय चालत नाही म्हणून आपण प्रत्येक ‘हिज’चा मोबदला का द्यावा? आणि द्यायचाच, तर ‘आपला’ हा शब्द कशासाठी आहे? तो संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्प’मार्गे आला आहे, म्हणजे स्वतःकडे वळणे त्याच्या रक्तातच आहे.

रोजची मराठी :
हातांबद्दल सहमत आहे, पण ‘आपला’चा इतका आग्रह बरा नाही. ‘तो त्याच्या घरी गेला’ असे लोक सर्रास बोलतात आणि ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही. उलट ‘आपला’ हाच शब्द कमी फसवा नाही. ‘आपले पत्र मिळाले’ यात तो ‘तुमचे’ असतो, ‘आपला संघ जिंकला’ यात ‘तुमचे-आमचे मिळून’, आणि ‘मी आपला गप्प बसलो’ यात तर मालकीचा पत्ताच नाही. व्युत्पत्तीवरून शब्दाला जन्मठेप देऊ नये.

जुना वाचक :
गप्प मी बसणार नाही. गोंधळ होत नाही म्हणता, तर ‘त्याने भावाला त्याचे पुस्तक दिले’ यात पुस्तक कोणाचे, ते सांगा. ‘आपले’ म्हटले की देणाऱ्याचे, इतका सरळ हिशेब आहे. जाता जाता, इंग्रजीतली ती अपॉस्ट्रॉफीसुद्धा ‘हिज’चाच अवशेष आहे ना? ‘द किंग हिज क्राऊन’चे घासून ‘किंग्ज क्राऊन’ झाले, असे मी मानत आलो आहे.

माजी शिक्षक :
तसे लिहिण्याची पद्धत एकेकाळी होती हे खरे, पण व्युत्पत्ती उलटी आहे. जुन्या इंग्रजीत अनेक नामांना षष्ठीचा ‘एस’ हा प्रत्यय लागत असे आणि आजचा ‘एस’ त्याचाच वारस आहे. ‘हिज’ ही त्यावर लोकांनी मागाहून बसवलेली समजूत. ते खरे मानले तर ‘क्वीन्स क्राऊन’मध्ये ‘हर’चा ‘आर’ कुठे गेला? अपॉस्ट्रॉफी इंग्रजीत 16व्या शतकात आली ती गाळलेले अक्षर दाखवायला, आणि अनेकवचनी मालकांच्या ‘एस’नंतर ती लिहिण्याचा प्रघात 18व्या शतकात रुळला. ‘इट्स’ हे मालकीचे रूपही तसे नवेच आहे. 1611च्या किंग जेम्स बायबलच्या पहिल्या छपाईत ते एकदाही येत नाही. तिथे निर्जीव वस्तूलाही बहुधा ‘हिज’च आहे.

मुद्रितशोधक :
आपण ‘आपला’वर भांडलो आणि ‘आपापला’कडे कोणी पाहिलेच नाही. मूळ वाक्यातली खरी गंमत तिथे आहे. वाटणी झाली आहे हे मराठी सर्वनामाची द्विरुक्ती करून सांगते आणि मग वही बिनधास्त एकवचनात ठेवते. इंग्रजीकडे असे सर्वनाम नाही, म्हणून ती ‘नोटबुक्स’ करते. तरीही प्रत्येकाकडे एकच वही होती की चार, हे ‘देअर नोटबुक्स’ सांगत नाही. ‘ईच’ घातले तर अर्थ नेमका होतो, पण वाक्य सरकारी परिपत्रकासारखे वाटते.

रोजची मराठी :
‘मुलांनी आपापले दप्तर उचलले’ की ‘आपापली दप्तरे उचलली’? माझ्या तोंडी दोन्ही येतात.

जुना वाचक :
दुसरे. द्विरुक्ती आहे म्हणून नामाला सूट मिळत नाही.

मुद्रितशोधक :
मग ‘मुले आपापल्या घरी गेली’ याचे ‘आपापल्या घरांत’ करणार का?

अनुवादक :
सर्वांचे आभार. दरम्यान मी मान वगळून ‘नन ऑफ द चिल्ड्रन लुक्ड अप’ असे लिहून पाठवले होते. संपादिकेचे उत्तर आले : मुलांनी वर पाहिले नाही हे ठीक, पण मूळात त्यांनी मान खाली घातली आहे, ती कुठे गेली?