एम१ मॅकबुक एअर आणि विंडोज लॅपटॉप : दोन मॉनिटरसाठी एकच डॉक चालेल का?

कर्वेरोडवासी
आमच्या घरी एकाच टेबलावर आळीपाळीने दोघांचे काम चालते. माझ्याकडे एम१ चिपचा मॅकबुक एअर आहे, तर पत्नीला कंपनीकडून विंडोज लॅपटॉप मिळाला असून त्याच्या यूएसबी-सी पोर्टमधून मॉनिटर चालतो. टेबलावर २५६० × १४४० रिझोल्यूशनचे २७ इंची दोन मॉनिटर आहेत आणि ज्याची पाळी असेल त्याने एकच केबल जोडून कामाला बसावे, एवढीच अपेक्षा आहे. दुकानदाराच्या मते दोन एचडीएमआय असलेला कोणताही डॉक (एका केबलने लॅपटॉपला मॉनिटर, चार्जिंग वगैरे जोडणारी पेटी) चालेल. मात्र एका परिचिताच्या मॅकवर अशाच डॉकमधून दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र दिसते. थंडरबोल्ट (यूएसबी-सी आकाराच्याच पोर्टमधली जास्त वेगवान जोडणी) डॉकसाठी जास्त पैसे मोजले तर ही अडचण सुटेल का?

तारांचा_गुंता
सुटणार नाही, कारण मर्यादा डॉकची नसून चिपची आहे. एम१ आणि एम२ चिपचे एअर स्वतःहून एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात, मग डॉक कितीही महाग असो. एम३ एअर झाकण बंद ठेवल्यास दोन चालवतो आणि एम४ पासून झाकण उघडे ठेवूनही दोन चालतात. परिचितांच्या मॅकवर जे घडते त्याचे कारण वेगळे आहे : स्वस्त डॉक डिस्प्लेपोर्टच्या (एचडीएमआयसारखीच मॉनिटरची एक जोडणी) एकाच सिग्नलमधून एमएसटी पद्धतीने दोन चित्रे काढतात, विंडोजला ते जमते, पण मॅकओएस त्या पद्धतीने डेस्कटॉप विस्तारत नाही आणि म्हणून दोन्हीकडे तेच चित्र उमटते.

तुमच्यासाठी डिस्प्लेलिंक चिप असलेला डॉक हाच सरळ मार्ग आहे. यात लॅपटॉप चित्र आकुंचित करून साध्या यूएसबी डेटासारखे पाठवतो आणि डॉकमधील चिप ते पुन्हा उलगडते. त्यासाठी मॅकवर डिस्प्लेलिंक मॅनेजर हे सॉफ्टवेअर बसवून त्याला स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी द्यावी लागते. ती सूचना पाहून अनेकजण दचकतात, परंतु पडद्यावरचे चित्र वाचल्याशिवाय ते पुढे पाठवताच येणार नाही. एक्सेल, कोडिंग, ईमेल यांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. व्हिडिओ संपादन किंवा गेमसाठी मी ती सुचवणार नाही. कॉपी-संरक्षण असलेले ओटीटी कार्यक्रमही बहुधा काळे दिसतात आणि आवाज तेवढा ऐकू येतो.

कर्वेरोडवासी
सविस्तर उत्तराबद्दल आभार. कंपनीच्या लॅपटॉपवर स्वतःहून काहीही बसवता येत नाही, तेव्हा तिथे काय करावे?

पोर्टपुराण
विंडोज अपडेटमधून डिस्प्लेलिंकचा ड्रायव्हर बहुतेक वेळा आपोआप येतो, पण कंपन्या तेही अडवू शकतात. त्यामुळे खरेदीआधी आयटी विभागाला विचारून घ्यावे. तिथून नकार आल्यास एकाच डॉकचा हट्ट सोडलेला बरा. विंडोजसाठी एमएसटी डॉक घेऊन तो मॉनिटरच्या डिस्प्लेपोर्टला आणि मॅकचा डॉक एचडीएमआयला जोडावा, म्हणजे पाळी बदलताना मॉनिटरचे इनपुट तेवढे बदलावे लागेल.

एमएसटी डॉक घेताना मात्र थोडे गणित करावे. १४४० रेषांच्या मॉनिटरला ६० हर्ट्झला सेकंदाला साधारण पावणेसहा गिगाबिट लागतात, म्हणजे दोघांना मिळून साडेअकरा. यूएसबी-सी केबलमध्ये डेटा वाहणाऱ्या चार मार्गिकांपैकी (लेन) दोन यूएसबी ३ च्या डेटासाठी राखल्या, तर जुन्या डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगाने चित्रासाठी ८.६४ गिगाबिटच उरतात, म्हणजे ते पुरणार नाहीत. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने १२.९६ मिळतात आणि काम भागते. म्हणून लॅपटॉपच्या माहितीपत्रकात १.४ लिहिले आहे का, ते आधी पाहावे. चार्जिंगचेही तसेच आहे. डॉकच्या खोक्यावर १०० वॅट छापलेले असले, तरी त्यातील काही वॅट डॉक स्वतःसाठी ठेवतो. एअरला ३० वॅटही पुरतात, पण विंडोज लॅपटॉपचा अडॅप्टर किती वॅटचा आहे ते तपासून घ्यावे.

अर्धवट_अभियंता
मॉनिटर बदलायची तयारी असेल, तर ३४४० × १४४० चा एकच रुंद मॉनिटर हा पर्यायही विचारात घ्यावा. एम१ ला तो एकच मॉनिटर म्हणून दिसतो, ड्रायव्हरची कटकट राहत नाही आणि ज्यात यूएसबी-सी चार्जिंग आहे असा मॉनिटर मिळाल्यास डॉकचीही गरज उरत नाही. दोन मॉनिटर आधीच घेतलेले असल्याने हा सल्ला खर्चिक आहे, हे मान्य. पण जुने विकून हिशेब जमतो का, ते पाहायला हरकत नाही.