कादंबरीबाहेरचं मराठी वाचन: पुस्तकं निवडायची कशी?

गोदातीर

नमस्कार मंडळी.

माझं वाचन ऐतिहासिक आणि चरित्रात्मक कादंबऱ्यांपाशी येऊन थांबलंय. आता कविता, नाटक, रहस्य, विज्ञानकथा, समाजावरचं वैचारिक, अनुवाद असं सगळीकडे फिरायचं आहे. 'वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' छापाच्या याद्या चाळल्या. सगळ्यांत फिरून फिरून तीच नावं, आणि त्यातही निम्म्याहून जास्त कादंबऱ्याच.

गाव तालुक्याचं, वाचनालय 'ब' वर्गाचं, एका वेळी दोन पुस्तकं मिळतात. खरेदीसाठी महिन्याला पाचशेपर्यंत काढता येतील. आणखी एक यादी नको. नवा प्रकार हाती घेताना पुस्तक कसं निवडावं आणि लोक कुठे फसतात, ते सांगा.

---

कपाट_सातवं

गोदातीर, प्रकार बदलताना विषयही बदललात की दोन अनोळखी गोष्टी एकदम अंगावर येतात आणि पुस्तक अर्ध्यात खाली ठेवलं जातं. विषय तोच धरा, प्रकार बदला.

तुमच्याच वाटेवरचं उदाहरण घ्या: पानिपत. विश्वास पाटलांची कादंबरी (१९८८) तुमची वाचून झालेली असणार. तिच्यानंतर 'भाऊसाहेबांची बखर' घ्या. बखरीत फार्सी शब्दांची गर्दी असते, म्हणून टीपा आणि शब्दार्थ दिलेली संपादित प्रतच मागा. नुसती संहिता हाती आली तर दहाव्या पानावर दम लागतो. मग त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. हा इतिहास आहे. पुरावा कुठला, तो कितपत विश्वासाचा आणि तर्क कुठे सुरू झाला, हे त्यात वेगवेगळं दिसतं. त्यानंतर नंदा खरे यांची 'अंताजीची बखर' (१९९७), म्हणजे बखरीचा बाज घेतलेली कादंबरी. मूळ बखर आधी वाचलेली असेल तर खऱ्यांनी त्या बाजाचं काय केलंय ते नीट कळतं. एकाच शतकात राहून तीन प्रकार झाले.

दुसरा धागा मुंबईचा, आणि तो मराठीत फारच श्रीमंत आहे. कथेपासून सुरुवात करा: बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३). मग नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' (१९६६). कवितेची सवय नसलेल्यांनी सुर्व्यांपासूनच सुरू करावं असं माझं ठाम मत आहे, कारण त्यांची कविता बोलण्याच्या लयीत चालते. भाऊ पाध्यांची 'वासूनाका' (१९६५) छोटी आणि धारदार. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' (१९७२) हा कवितासंग्रह मात्र थेट उघडू नका. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे, ती आधी वाचा. गोलपिठा या मुंबईतल्या वेश्यावस्तीतले शब्द बाहेरच्या वाचकाला कळत नाहीत, हे गृहीत धरूनच ती लिहिलेली आहे.

नाटकासाठी जयंत पवारांचं 'अधांतर'. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप आणि त्यात उसवत गेलेलं गिरणगावातलं एक घर. नाटक वाचताना लोक पात्रयादी आणि रंगसूचना ओलांडून थेट संवादांवर जातात. मग कोण कुणाशी बोलतंय आणि कोण गप्प उभं आहे, ते निसटतं. पहिल्या अंकातली घराची रचना कागदावर काढून ठेवा, दार कुठे, मोरी कुठे. आणि शक्यतो एका बैठकीत संपवा. नाटक तुकड्यातुकड्यांनी वाचलं की ताण सुटतो. त्याच विषयावर 'कथा मुंबईच्या गिरणगावाची' आहे, कामगारांच्या मुलाखतींवर उभा केलेला मौखिक इतिहास. नाटकानंतर तो वाचताना आकडेवारीसुद्धा माणसांची वाटते.

राजकीय कादंबरीच हवी असेल तर अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' याच क्रमाने. १९७९ चा चित्रपट दोन्हींवर मिळून बेतलेला आहे, त्यामुळे चित्रपट पाहून एकच कादंबरी शोधणाऱ्याला अर्धी माणसं सापडत नाहीत.

---

ताम्हण

वरचं सगळं पटतं. माझी भर पुरस्कारांबद्दल आणि पुस्तकाच्या मुद्रणपानाबद्दल, म्हणजे आवृत्ती-प्रकाशकाची माहिती असलेल्या आतल्या पानाबद्दल.

साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्कारांची यादी लोक कादंबऱ्यांची यादी समजतात. ती तशी नाही. २०११ पासूनची सलग दहा वर्षं पाहा: ग्रेस यांचं ललित लेखन, जयंत पवारांच्या कथा, सतीश काळसेकरांची 'वाचणाऱ्याची रोजनिशी', जयंत नारळीकरांचं आत्मचरित्र, अरुण खोपकरांचं चित्रपटांवरचं 'चलत-चित्रव्यूह', आसाराम लोमट्यांच्या कथा, श्रीकांत देशमुखांची कविता, म. सु. पाटलांची समीक्षा, अनुराधा पाटलांची कविता, आणि २०२० ला नंदा खरे यांची 'उद्या', जिचा पुरस्कार त्यांनी नाकारला. दहांत कादंबरी एकच. तुम्हाला हवी असलेली प्रकारांची फिरती यादी इथे आयतीच आहे. यातलं पहिलं घ्यायचं तर काळसेकरांचं घ्या. ते पुस्तकांबद्दलच आहे आणि त्यातून पुढच्या कितीतरी पुस्तकांची नावं मिळतात.

एक लक्षात ठेवा, या पुरस्कारासाठी आधीच्या काही वर्षांत आलेली पुस्तकं विचारात घेतात. त्यामुळे पुरस्कार जाहीर होतो तेव्हा पुस्तक दोन-तीन वर्षांचं जुनं असू शकतं आणि कधी कधी बाजारात प्रतच नसते. जाहीर झाल्यावर दोन-तीन महिने थांबलं की बहुधा नवीन आवृत्ती येते. तोवर जुन्या प्रतीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत वाङ्मयप्रकारानुसार वेगळे पुरस्कार असतात आणि प्रथम प्रकाशनाचा विभाग वेगळा असतो. नवे लेखक हवे असतील तर तो विभाग बघा.

आता मुद्रणपान. मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ विक्रीसाठी असतात, खरी माहिती तिथे नसते. आतलं ते एक पान वाचायला मिनिट लागत नाही. त्यात हे बघा:

पहिली आवृत्ती कधीची. १९६० चं पुस्तक २०२२ च्या पुनर्मुद्रणाच्या कव्हरमध्ये नवं वाटतं. प्रवासवर्णन किंवा विज्ञानावरचं पुस्तक घेताना याने फार फरक पडतो.

'आवृत्ती' की 'पुनर्मुद्रण'. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो. 'सुधारित' किंवा 'सुधारून वाढवलेली आवृत्ती' असेल तरच जुनी प्रत टाळण्यात अर्थ आहे. 'पंधरावी आवृत्ती' यावरून वाचक किती, हे मात्र ठरवू नका. एका आवृत्तीत हजार प्रती की तीनशे, हे बहुधा छापलेलं नसतं.

वैचारिक आणि इतिहासाच्या पुस्तकात शेवटून सुरुवात करा. संदर्भसूची आहे का, नामसूची आहे का, तळटीपांत पानांचे क्रमांक दिलेत का? नुसतं 'अनेक ग्रंथांच्या आधारे' असं लिहून सोडलं असेल तर ते पुस्तक इतिहास म्हणून वाचू नका.

समाजावरचं पहिलं पुस्तक म्हणून मी त्रिं. ना. आत्र्यांचं 'गावगाडा' (१९१५) सुचवेन. भाषा शंभर वर्षांपूर्वीची, पण वतनदार, बलुतेदार, कुणबी यांचे व्यवहार इतक्या बारकाईने फार कमी ठिकाणी मिळतात. ते लेखकाच्या काळाच्या नजरेतून आहे. लगोलग दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) हे दलित आत्मकथन वाचलं की तेच गाव दुसऱ्या टोकाकडून दिसतं. ही जोडी तोडू नये.

---

कंदील

ताम्हण, पुरस्कारांच्या यादीवर एवढी भिस्त नको. रहस्यकथा आणि भयकथा तिथे जवळजवळ दिसतच नाहीत, आणि गोदातीर यांनी रहस्य मागितलं आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, महाराष्ट्रात वाचनाची सवय लागण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण आज प्रौढ वयात पहिल्यांदा वाचणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये. वेग आहे, उकल मात्र पुष्कळदा योगायोगाने होते. भयकथेत नारायण धारप घ्या, आणि आधी दीर्घ कादंबरी न घेता कथासंग्रह घ्या. रत्नाकर मतकरींच्या गूढकथाही तशाच, एकेक कथा वेगळी वाचता येते. भीती वातावरणातून कशी उभी राहते ते लहान लांबीत चटकन कळतं.

इथेच अनुवाद आणि रूपांतर यांचा घोळ होतो. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर आधारलेली आहे: माणसं, गाव, श्रद्धा सगळं मराठी. ते रूपांतर. पु. ल. देशपांड्यांचं 'एका कोळियाने' किंवा राम पटवर्धनांचं 'पाडस' हे अनुवाद, तिथे मूळ भूमी आणि माणसं तशीच राहतात. तिसरा प्रकार संक्षेप. मुलांसाठी म्हणून आलेल्या पुष्कळ परदेशी कादंबऱ्या संक्षिप्त असतात आणि ते मुखपृष्ठावर लिहिलेलं असतंच असं नाही. मूळ पुस्तक साडेचारशे पानांचं आणि मराठी दीडशेचं असेल तर काय ते समजा.

अनुवाद निवडताना तीन गोष्टी बघा. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर आहे की नुसतं आतल्या पानावर. मूळ भाषेतून थेट केलाय की इंग्रजी-हिंदीमार्गे. आणि मधलं कुठलंही संवादाचं पान उघडून मोठ्याने वाचा. 'त्याच्याद्वारे करण्यात आलं', 'तिने आपले खांदे उडवले' असली वाक्यं एका पानात दोन-तीनदा भेटली तर पुढची तीनशे पानं तशीच जाणार. भारतीय भाषांतला अनुवाद हवा असेल तर उमा कुलकर्णींनी कन्नडमधून थेट मराठीत आणलेल्या भैरप्पांच्या कादंबऱ्या घ्या. 'वंशवृक्ष' आधी, 'पर्व' नंतर. आणि 'पर्व' घेणारच असाल तर इरावती कर्व्यांचं 'युगान्त' (१९६७) सोबत ठेवा. महाभारत तेच, पण एक कादंबरी आणि एक चिकित्सक लेख. हे मात्र कपाट_सातवं यांच्याच पद्धतीत बसतं.

विज्ञानकथेत नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह. विज्ञानकथेची कादंबरी पहिल्यांदाच घेतली आणि त्यातली कल्पना पटली नाही तर सगळंच फसतं. संग्रहात एक नाही आवडली तर दुसरी असते.

---

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. विषय धरून प्रकार बदलायची कल्पना लगेच करण्यासारखी आहे. दोन अडचणी. एक, वाचनालयाच्या संगणकावर शोधलं तर अर्धी नावं सापडत नाहीत. दोन, कवितासंग्रह विकत घ्यावा तर आवडेल की नाही हे आधी कसं कळणार?

---

ताम्हण

'नाही' असं दिसलं तरी पुस्तक असू शकतं. नोंद करणाऱ्याने 'युगांत' लिहिलं असेल आणि तुम्ही 'युगान्त' शोधत असाल तर संगणक नाहीच म्हणणार. अनुस्वाराने शोधा, मग जोडाक्षराने, मग नुसत्या आडनावाने. आद्याक्षरं टाकू नका, 'वि. दा.', 'वि.दा.' आणि 'विदा' या त्याला तीन वेगळ्या व्यक्ती वाटतात. नव्या पुस्तकाला आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) असेल तर तोच टाका, तिथे शुद्धलेखन आड येत नाही. जुन्या पुस्तकांवर तो नसतोच.

ड्यूई दशांशाने, म्हणजे विषयवार अंक देऊन, लावलेलं वाचनालय असेल तर मराठी साहित्याचा अंक ८९१.४६. पण वाङ्मयाच्या कपाटापाशीच थांबू नका. चरित्रं ९२० ला, प्रवास ९१० च्या आसपास, भारताचा इतिहास ९५४ ला आणि विज्ञान ५०० पासून पुढे. छोट्या वाचनालयांत नुसता दाखल क्रमांक (पुस्तक आलं त्या क्रमाचा आकडा) असतो आणि कपाटांवर प्रकारांच्या चिठ्ठ्या असतात. तिथे 'संकीर्ण' लिहिलेलं कपाट आधी बघा. कुठल्याच प्रकारात न बसलेली चांगली पुस्तकं तिथे जाऊन पडतात.

---

कपाट_सातवं

कवितेबद्दल: दिवाळी अंक. पुष्कळ वाचनालयांत दिवाळीनंतर ठरावीक वर्गणीत तीन-चार महिने सगळे अंक वाचायची योजना असते. एका अंकात कविता, कथा, रिपोर्ताज, लेख सगळं असतं. जो कवी दोन अंकांत थांबवून ठेवील त्याचा संग्रह घ्या. कथा आवडली तर शोध लेखकाच्या नावाने करा, कथेच्या नावाने नको. ती पुढे संग्रहात येते तेव्हा संग्रहाचं नाव बहुतेकदा दुसरंच असतं.

संग्रह हातात आला की पहिल्या पानापासून ओळीने वाचू नका. मधल्या चार कविता मोठ्याने वाचा, दुसऱ्या दिवशी त्याच परत वाचा. दुसऱ्यांदा एखादी जास्त उघडली तर घ्या. पुस्तक विकणाऱ्या मराठी संकेतस्थळांवर काही पुस्तकांची सुरुवातीची पानं वाचायला मिळतात, पण कवितासंग्रहात ती पानं अर्पणपत्रिका आणि अनुक्रमणिकेतच संपतात, त्यावर ठरवू नका.

---

कंदील

पाचशे रुपये जुन्या पुस्तकांवर घालवू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन स्वामित्वमुक्त होतं. मोजणी मृत्यूनंतरच्या जानेवारीपासून. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये गेले, म्हणजे त्यांचं विनोदी लेखन १ जानेवारी २०२४ पासून मोकळं. हरी नारायण आपटे, गडकरी, लक्ष्मीबाई टिळक, साने गुरुजी, मर्ढेकर त्याच्या आधीच. मराठी विकिस्रोतावर आधी शोधा. अनुवादाला मात्र हा हिशोब वेगळा लागतो: मूळ लेखक कितीही जुना असो, अनुवादकाचा हक्क त्याच्या स्वतःच्या मृत्यूपासून मोजतात. फुकटात फिरणाऱ्या फायलींत हीच चूक सर्रास होते.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं छापील घेतली तरी स्वस्त असतात, आणि बरीचशी त्यांच्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. कोश, चरित्रं, लोकसाहित्य, शास्त्रांवरची पुस्तकं यांसाठी तिथेच बघा.

आणि पाचगणीच्या बाजूला जाणं झालं तर भिलारला थांबा. मे २०१७ पासून तिथे गावातल्या घरांत पुस्तकं ठेवली आहेत, एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, अशी प्रकारवार. बसून फुकट वाचता येतं. सकाळी लवकर पोचा आणि ज्या प्रकारातलं काहीच वाचलेलं नाही त्याचं घर आधी गाठा. ओळखीच्या प्रकारापाशी बसलं की दिवस तिथेच जातो. नावं, प्रकाशक आणि आवृत्ती वहीत उतरवून घ्या, ती वही तुमच्या ग्रंथपालांना द्या. 'अमुक लेखकाचं काहीतरी' अशी मागणी खरेदीच्या वेळी बाजूला पडते, पूर्ण तपशिलाची नोंद थेट यादीत जाते.