यंत्राआधी कॉम्प्रेसर पाहावा

जुन्या चेतक स्कूटरचा गंज आणि रंग सँडब्लास्टिंगने, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत कणांचा मारा करून काढण्यासाठी सायफन गन (हवेच्या झोताने कण ओढून घेणारी) घ्यावी की प्रेशर पॉट (दाबाखालच्या टाकीतून कण ढकलणारा), असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते निवड कॉम्प्रेसरपासून सुरू व्हायला हवी. ३ मिमी नोझलला ९० पीएसआय दाबावर मिनिटाला सुमारे १८ घनफूट हवा लागते, आणि घरगुती सिंगल फेजवर चालणारा २ एचपीचा कॉम्प्रेसर जेमतेम ७-८ देतो, म्हणून दुकानदार काहीही सांगो, २ मिमी नोझलचा छोटा पॉट घेऊन थांबत थांबत काम करणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. सायफन गन स्वस्त असली तरी तेवढ्याच हवेत ती पॉटपेक्षा बरीच संथ चालते.

मुंबईत खरा शत्रू दमटपणा. माझ्या पद्मिनी मोटारीचे ब्रॅकेट साफ करताना पॉटमध्ये गार्नेटचा (माऱ्यासाठी वापरायच्या खनिज कणांचा) ओला गोळा होऊन नोझल वारंवार तुंबत असे. कॉम्प्रेसरच्या टाकीनंतर दहा मीटर पाइप आणि मगच वॉटर सेपरेटर लावल्यावर हवा वाटेत थंड होऊन पाणी तिथेच अडकू लागले. जुलैत तर साफ केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत तांबूस दिसतो, त्यामुळे प्रायमर त्याच दिवशी मारावा.

नदीची वाळू मात्र अजिबात वापरू नये, तिच्या धुळीने सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होतो. गार्नेट वापरतानाही साधा कापडी मास्क पुरत नाही. चेतकच्या पातळ पत्र्यावर दाब कमी आणि नोझल तिरपे धरावे; माझ्या पद्मिनीचा एक दरवाजा एका जागी मारा केल्याने पापडासारखा फुगला आहे.

बाकी सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करणार असाल, तर शेजाऱ्यांच्या गाड्यांवर बसणाऱ्या धुळीसाठी बंद कॅबिनेटचा (ज्यात भाग ठेवून मारा करतात त्या पेटीचा) खर्चही धरावा.