मोडलेल्या खुब्याला आधी अँटेना की आधी बाथरूमची दांडी?

लघुलहर

हौशी रेडिओ क्लबातले सत्तरी ओलांडलेले एक काका मास्टचे (अँटेनाच्या उंच खांबाचे) ताण, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या दोऱ्या-तारा, सारखे करायला शिडीवर चढले आणि पडले. खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, दोन दिवसांत घरी येतील. मास्ट कलून राहिलाय, कोॲक्स (अँटेनाची केबल) तुटलाय. क्लबातले दहा-बारा जण रविवारी त्यांच्या घरी जायला तयार आहेत. वाद आहे तो जाऊन आधी काय करायचं याचा.

माझ्या मते पहिल्याच आठवड्यात काकांना ऑन एअर आणायचं. सकाळच्या नेटवर (ठरल्या वेळी रेडिओवर भरणाऱ्या बैठकीत) रोज हजेरी लावणारा माणूस सहा आठवडे छताकडे बघत पडून राहिला, तर हाड जुळेल पण माणूस खचेल. जुन्या मास्टच्या वाटेला न जाता तात्पुरतं स्टेशन असं:

फायबरग्लासचा ९ मीटरचा सरकता खांब, त्यावर ४० मीटर बँडचा (सुमारे ७ मेगाहर्ट्झ) उलटा व्ही, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना उतरती तारेची अँटेना. १४३ भागिले ७.१ (मेगाहर्ट्झ) म्हणजे एकूण साधारण २०.१ मीटर तार. प्रत्येक बाजू १०.३ मीटर कापा, मग एसडब्ल्यूआर (अँटेना फ्रीक्वेन्सीला किती जुळली याचं माप) बघत टोकं मागे दुमडत या. तोडू नका, दुमडा. दोन्ही बाजूंना १ सेंमी कमी केलं की रेझोनन्स (अँटेना नेमकी जुळते ती फ्रीक्वेन्सी) सुमारे ७ किलोहर्ट्झने वर सरकतो, त्यामुळे अंदाजपंचे हातभर तोडायची गरजच पडत नाही. टोकं जमिनीपासून अडीच-तीन मीटरवर बांधली की मधला कोन शंभर अंशांच्या आसपास येतो, पसारा १६ मीटरच्या आसपास राहतो. आरजी-५८ कोॲक्सचे २० मीटर पुरे, या फ्रीक्वेन्सीला नुकसान एका डेसिबलच्या आत. रिग (रेडिओ संच) २० वॉटवर ठेवून पलंगाशेजारच्या स्टुलावर. चार माणसं, तीन तास.

चालता_वॉकर

हेतूबद्दल शंका नाही, पण "पलंगाशेजारच्या स्टुलावर" या दोन शब्दांत सगळा घोळ आहे.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पेशंटला बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी उभं करतात. ते कौतुक म्हणून नाही. पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या, छातीत कफ, पाठीला जखमा आणि मांडीचे स्नायू झपाट्याने वितळणं, हे सगळं या वयात हाडापेक्षा महाग पडतं. पुढचे सहा आठवडे घरातल्यांचं मुख्य काम काय, तर माणसाला दिवसातून चार-पाच वेळा पलंगावरून उठवणं. आणि तुम्ही त्यांना पलंगावर पडून राहायचं सर्वांत गोड कारण आणून देताय.

रेडिओ पलंगापासून आठ-दहा पावलांवर, खुर्चीसमोर. नेटची वेळ झाली की वॉकर घेऊन जायचं, अर्धा तास बसायचं, परत यायचं. फिजिओथेरपिस्टने शंभरदा सांगून जे होत नाही ते एका कॉलने होतं.

आता खुर्ची. शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) हमखास चाकांची फिरती खुर्ची असते. ती आधी बाहेर काढा. उठताना हात टेकवले की ती मागे पळते आणि माणूस खाली. हवी ती चार पायांची, दोन्ही बाजूंना हात असलेली, आणि बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील इतकी उंच. कमी पडली तर पायांखाली ठोकळे लावा, मऊ उशी नको, ती दबते. सांधा बदलला असेल आणि तो मागच्या बाजूने चीर देऊन, तर बहुधा तीन बंधनं असतात: कमरेत ९० अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, तो पाय आत वळवायचा नाही. सळई किंवा स्क्रू घातले असतील तर नियम वेगळे, पायावर किती भार टाकायचा ते सर्जन सांगतात. काकांचं नेमकं काय झालंय हे विचारल्याशिवाय टेबलाची मांडणी ठरवू नका. पॉवर सप्लायचं बटण टेबलाखाली मागच्या बाजूला असेल, तर तिथपर्यंत हात नेणं म्हणजेच ९० अंशांच्या पलीकडे वाकणं.

लघुलहर

खुर्चीचं पटलं, स्टूल रद्द. पण पहिले चार-पाच दिवस ते खुर्चीत अर्धा तास बसू शकतीलच असं नाही. तोवर काय, मौनव्रत?

घरचा_अहेर

मूळ धागाच उलटा आहे. रविवारी दहा-बारा जण! काकूंचा विचार केलाय का? बारा माणसं म्हणजे बारा कप चहा, बारा जोडी चपला दारात आणि त्यातून वाट काढणारा वॉकर. पेशंट घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात घराला अँटेना नको असते, दोन तासांची झोप हवी असते.

क्लबाने करायची कामं रेडिओची नसली तरी क्लबाच्याच हातांना जमणारी आहेत. ड्रिल कोणाकडे आहे? तुमच्याकडेच. मग कमोडशेजारी आणि न्हाणीत आधाराच्या दांड्या लावा. दांडीची जाडी ३२ ते ३८ मिमी, भिंतीपासून फट साधारण ४ सेंमी, म्हणजे मूठ पूर्ण वळते पण कोपर आत अडकत नाही. टाइलवर रबरी सक्शन कपांनी चिकटणाऱ्या दांड्या आणू नका. ओल धरली की न सांगता सुटतात, आणि सुटतात त्या नेमक्या पूर्ण भार आल्यावर. टॉवेलचा दांडा हा आधाराचा दांडा नव्हे, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. टाइलमधून आरपार विटेत किमान पाच-सहा सेंमी जाणारे फासनर (भिंतीत रुतणारे बोल्ट) हवेत. टाइलमागे पोकळी असेल (ठोकल्यावर आवाज कळतो) तर जागा बदला. लावून झाल्यावर तुमच्यातल्या सर्वांत वजनदार सभासदाने लोंबकळून बघायचं.

कमोडची बैठक बुटकी असेल तर वर बसवायचा उंचवटा मिळतो. सैल पायपुसणी, सतरंज्या उचला. पलंगापासून न्हाणीपर्यंत रात्रीचे मंद दिवे. हे सगळं काका घरी यायच्या आत, म्हणजे रविवारी नाही, उद्या.

आणि "काही लागलं तर सांगा" हे वाक्य क्लबाने बंद करावं. कोणी सांगत नाही. "मंगळवारी की गुरुवारी, तपासणीला गाडी कधी आणू?" असं विचारलं की उत्तर मिळतं. घराशी बोलणारा एकच माणूस ठरवा, बाकीच्यांनी त्याच्याशी बोलायचं.

तांब्याची_तार

दांड्यांबद्दल पूर्ण सहमत. पण वरच्या तिघांपैकी एकानेही कललेला मास्ट उतरवण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती वस्तू आत्ता, या क्षणी धोक्याची आहे. एक ताण ढिला झालेला मास्ट वाऱ्यात जातो तो उरलेल्या दोन ताणांच्या बाजूला. तो तसाच ठेवून खाली आनंदाने उलटा व्ही टांगायचा?

रविवारचं पहिलं काम मास्ट उतरवणं. काका ज्या शिडीवरून पडले ती वापरायची नाही. ती वाकलीय का, खालचे रबरी बूट झिजलेत का, हे तपासल्याशिवाय तर नाहीच. शिडीचा कोन चारास एक: ४ मीटर उंचीला पाया भिंतीपासून १ मीटर. गच्चीवर उतरायचं असेल तर शिडी कठड्याच्या वर मीटरभर हवी. विजेच्या तारा मास्टच्या पूर्ण उंचीपेक्षा तीनेक मीटर तरी जास्त लांब नसतील, तर हौशी माणसांनी हात लावायचा नाही. एकाने फक्त बघायचं आणि "थांबा" म्हणायचं. बाकीच्यांनी त्याचं ऐकायचं, मग तो क्लबातला सर्वांत नवा सभासद असला तरी.

ताण का सुटला ते शोधा. नायलॉनची दोरी असेल तर ती ओल आणि भाराने लांबते. पॉलिप्रॉपिलीन (ती स्वस्त, रंगीत, तरंगणारी) उन्हात भुसभुशीत होते, दोन बोटांत चोळली की पावडर पडते. पॉलिएस्टर हवी. तारेचे ताण असतील तर क्लॅम्प उलटे बसलेत का बघा: यू-बोल्टचा वळलेला भाग मोकळ्या टोकावर, खोगीर भार घेणाऱ्या तारेवर. उलटं बसलं की भाराची तारच चेचली जाते.

चालता_वॉकर

मास्टचं मान्य, ते राहून गेलं. घरच्या अहेराशी मात्र थोडा मतभेद. "घराला अँटेना नको असते" हे घराच्या वतीने बोलणं झालं. काकांच्या वतीने कोण बोलणार? त्यांनाच विचारा. काळजीच्या नावाखाली म्हाताऱ्या माणसाचा छंद सर्वांत आधी गुंडाळला जातो आणि मग तो परत उलगडत नाही.

मूक_श्रोता

काकांना विचारा, हे खरं. पण कधी विचारायचं यालाही वेळ आहे. या वयात मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस भ्रम होणं सर्रास दिसतं: संध्याकाळी जास्त, सकाळी कमी, तारीखवार चुकणं, मधेच भलतंच बोलणं. त्यात वेदनाशामक गोळ्यांची गुंगी. तेव्हाचं "हो" किंवा "नको" दोन्ही धरू नका. चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी द्या, एका वेळी एकाच माणसाने बोला, पंधरा मिनिटांत निघा. डोकं स्वच्छ झालं की विचारा.

आता स्टेशनबद्दल, कारण खुर्ची-टेबल ठरवून प्रश्न संपत नाही.

जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणली असेल तर तिचा पंप आणि मोबाइलचे स्वस्त चार्जर ४० मीटर बँडवर असा गोंगाट ओततात की नेट ऐकूच येत नाही. मग माणूस आवाज वाढवतो, घर वैतागतं. रिग बॅटरीवर चालवा, घरातलं एकेक उपकरण बंद करून दोषी शोधा आणि त्याच्या वायरीवर फेराइट (गोंगाट अडवणारं कडं) चढवा. गादीचा पंप मात्र नेटसाठी बंद करायचा नाही, हे लिहून चिकटवा. कोणीतरी करणारच.

अँटेनाच्या मध्यभागी, म्हणजे कोॲक्स जोडतो त्या फीडपॉइंटला चोक विसरू नका: ३१ नंबरच्या मोठ्या फेराइट कड्यावर आरजी-५८ चे ११-१२ वेढे. नाहीतर कोॲक्सची बाहेरची जाळीच अँटेना होते आणि आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) खोलीत येतं. घाईत लोक एका टोकाने फीड केलेली तार टांगतात. ती सोपी, पण फीडचं टोक घरातच येतं आणि हा त्रास दुप्पट. अंगात पेसमेकर असेल तर ट्रान्समिट करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पीटीटीचा (बोलताना दाबून धरायच्या बटणाचा) पायपेडल काढून टाका, पाय वळवायला लावतो आणि वॉकर त्याच्यात अडकतो. व्हॉक्स (आवाज झाला की आपोआप ट्रान्समिट होणं) नको, खोकला आणि पंप दोन्हींनी सुटतो. टेबल माइक ठेवा आणि रिगमधला टाइमआउट (ठरल्या वेळेने ट्रान्समिट आपोआप बंद) ३ मिनिटांवर लावा. डुलकी लागून बटणावर हात राहिला तर सगळी फ्रीक्वेन्सी अडते. कोॲक्स जमिनीवरून नाही, भिंतीच्या कडेने वर न्या. घरात ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत सोल्डरिंग गन काढायची नाही. कनेक्टर घरून करून आणा.

घरचा_अहेर

बघा, एका स्टेशनसाठी किती अटी. म्हणून म्हणते, महिनाभर थांबा. आणि तो मास्ट उतरवलात की परत उभारूच नका. सत्तरीनंतर शिडी बंद, विषय संपला.

गाठपक्की

शिडी बंद, एकदम मान्य. मास्ट बंद हे त्यातून निघत नाही. काका पडले कारण टोकाशी पोचायला वर चढण्याशिवाय मार्गच ठेवलेला नव्हता. दोष मांडणीचा आहे.

मास्टच्या टोकाला एक कप्पी आणि त्यातून दोरीचा अखंड वेढा घाला, ध्वजस्तंभासारखा. अँटेनाचा मधला भाग त्या वेढ्याला बांधायचा. दोरी अखंड का, तर तार तुटून खाली पडली तरी दोरीचं टोक कप्पीत वर अडकून राहत नाही. राहिलं की कोणीतरी परत चढतो. दोरी मास्टच्या उंचीच्या दुप्पट अधिक गाठीपुरती. कप्पीची खाच आणि बाजूची पट्टी यांच्यात फट कमी हवी, नाहीतर दोरी घसरून तिथे रुतते. बाजूच्या टोकांना दोरीला वजन बांधून सोडा, वाऱ्यात ते वरखाली होतं आणि तार तुटत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे पायथ्याला बिजागरी. मास्ट आडवा ठेवून उभा करताना सुरुवातीलाच सर्वांत जास्त ओढ लागते, कारण दोरीचा कोन अगदी चपटा असतो. म्हणून पायथ्याशी मास्टच्या साधारण एक तृतीयांश लांबीचा उभा दांडा जोडतात आणि ओढ त्याच्या टोकावरून घेतात. बाजूचे दोन ताण बिजागरीच्या रेषेतच हवेत. पुढे-मागे असले तर मास्ट उठताना एक ढिला पडतो, एक ताणून तुटतो. ब्रेक असलेली विंच लावली की जमिनीवर उभं राहून सगळं होतं. पण हे काँक्रीटचं काम आहे, रविवारच्या उत्साहात करायचं नाही. पाया ओतून पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरा. काका तोवर काठीवर आलेले असतील.

घरचा_अहेर

कप्पी चालेल. विंच कोण फिरवणार ते आधी ठरवा. काका एकटे असताना तिचं हँडल घरात नसावं.

लघुलहर

ठीक. उद्या दोघं जण दांड्या आणि खुर्ची बघतील, तिथेच काकूंशी बोलणारा एक ठरेल. रविवारी फक्त चौघं, बाहेरच्या बाहेर: मास्ट खाली, खांबावर उलटा व्ही, कोॲक्स खिडकीपर्यंत आणून बाहेरच सुटा ठेवायचा. काका स्वतः म्हणतील तेव्हा आत. सकाळची नेट त्यांच्या व्यायामाच्या वेळेवर येत असेल तर अर्ध्या तासाने पुढे ढकलू. कप्पीचं नंतर.

पण पहिल्या चार दिवसांसाठी रिपीटरवर (लहान सेटचा सिग्नल दूरवर पोचवणाऱ्या केंद्रावर) ऐकायला हातातला सेट मी त्यांना देणार, आणि तो पलंगावरच. त्यावर वाद नको.

चालता_वॉकर

द्या. पहिले दोन दिवस चार्जिंग काकू करतील, तिसऱ्या दिवसापासून चार्जर खुर्चीजवळच्या टेबलावर.